चिमूटभर पिवळी पूड

मिऱ्यांचा अर्क काढणाऱ्या कारखान्यात ताई पूड भरायच्या खोलीत कामाला होती. ही पूड म्हणजे मिऱ्याचा सगळा तिखटपणा ज्यात असतो ते पायपरिन. दिसायला नुसतं फिकट पिवळं, पण मास्क लावूनही नाकाडोळ्यांची आग आग व्हायची.

तिच्या धाकट्या भावाला फिट्स येत. गोळ्या चालू असूनही तो अधूनमधून कुठेतरी कोसळायचाच. एकदा सुपरवायझर बोलता बोलता म्हणाला, "ही पूड पोटात गेली, की काही औषधं जास्त लागू पडतात." ताईने ते मनात धरलं. रुमालाच्या गाठीत थोडी पूड घरी आणली आणि रोज सकाळी गोळीबरोबर चिमूटभर मधातून भावाला चाटवू लागली.

"ताई, जीभ भाजली गं."

"नखरे पुरे. गीळ."

फिट्स थांबल्या. आईचा चेहरा खुलला. नीट गुण येऊ दे, मग सांगू, म्हणून ताई गप्प राहिली. पण हळूहळू भाऊ चालताना झोकांड्या खाऊ लागला, जिभेवर शब्द अडखळू लागले. शेजारी म्हणाले, पोरगा प्यायला लागला. दुखणंच बळावलंय असं समजून ताईने चिमूट मोठी केली.

एका दुपारी तो जिन्यावरून गडगडत खाली आला.

हॉस्पिटलात रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या ठरल्याप्रमाणेच दिल्यात, तरी रक्तात औषध भलतंच साठलंय. आणखी काही देत होतात?"

"नाही हो, काहीच नाही," आई म्हणाली.

"मी देत होते," ताई म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "त्या पुडीमुळे औषध शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. म्हणून तोल जात होता," एवढंच म्हणाल्या.

भाऊ वाचला, पण पाठीचा मणका गेला होता. कमरेखाली त्याला काही कळेना.

घरी आणल्यावर आईने गोळ्यांची डबी स्वतःच्या उशाशी ठेवली. ताईला ती वेळेवर जेवायला वाढायची, कामावरचं विचारायची. पण भावाने पाणी मागितलं आणि ताई उठली, की म्हणायची, "राहू दे. मी देते."

"देऊ दे की तिला," भाऊ एकदा म्हणाला.

आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ताई भरलेला पेला हातात घेऊन दारातच उभी राहिली.