कोझांकेबाईंचा दरवाजा

लावा पैज. या गोष्टीत शेवटी कुणीतरी वीस युरो मोजतं. कुणी आणि कशाचे, ते सांगा बघू. नाही जमायचं तुम्हाला. मला नाही जमलं, आणि मी तर तिथंच भिंतीला टेकून होतो.

मी दरवाजा बोलतोय. बर्लिनमधल्या एका जुन्या इमारतीतला, तिसऱ्या मजल्यावरचा, डाव्या हाताचा. शाळा काही झाली नाही माझी. एकच शब्द ओळखतो, तोही छातीवर ठोकलेला होता म्हणून. कोझांके. पितळी पाटी, चार स्क्रू.

खोड्या मात्र पुष्कळ. आमच्याकडे दाराला बाहेरून नुसती मूठ असते, ती फिरत नाही. वाऱ्यानं दार लागलं की लागलं. किल्ली असेल तर आत, नाहीतर बसा पायरीवर. मी वाऱ्याची वाटच बघायचो. कचरा टाकायला गेलेली माणसं सपाता घालून बाहेर अडकलेली बघण्यासारखी मजा नाही हो!

कोझांकेबाई भाड्यानं आल्या त्याच आठवड्यात मी त्यांना अडकवलं. दुसरी असती तर लाथ घातली असती. ही हसली. "अरे लबाडा," म्हणाली, आणि खालच्या मजल्यावरच्या भाजीवाल्या नेजातकडे जास्तीची किल्ली ठेवून आली. नेजात तुर्की, बाईंना मावशी म्हणायचा. तेव्हापासून मी लागलो की बाई जिन्यातून हाक मारायच्या, "नेजात, लबाडानं पुन्हा केलं बघ!" तो किल्ली आणायचा, आणि येताना चार टोमॅटो. एकेचाळीस वर्षं हा खेळ चालला.

मग घर विकलं गेलं. बाईंसकट. तसंच असतं ते, भाडेकरू आत आणि मालक बदललेला. नवा मालक हेनिंग डॉर्फलर, त्याची बायको झिल्के, सातवा महिना. पत्र आलं : घर आम्हाला स्वतःला राहायला हवंय, नऊ महिन्यांत रिकामं करा.

नेजात उंबऱ्यात उभा राहून तणतणला. "हरकत घ्या, मावशी! एकोणऐंशी वय तुमचं. कोर्ट तुम्हाला हलवणार नाही. वकील मी बघतो."

"ती पोरगी बघितलीस का? कशी धापा टाकत जिना चढली."

"तिच्या धापेचं तुम्हाला काय पडलंय?"

"बाळाला खोली लागते रे," बाई म्हणाल्या. विषय संपला.

जाताना बाईंनी आपलं स्वयंपाकघर उतरवलं, कपाटं, ओटा, बल्बसुद्धा. इथं भाडेकरू नेतातच. पण शहराच्या टोकाला मिळालेल्या एका खोलीत ते मावेना, म्हणून वाटून टाकलं. शेवटी पेचकस घेऊन माझ्याकडे आल्या. स्क्रू गंजलेले. एकही हलेना.

"राहू द्या हो," डॉर्फलर म्हणाला. "मी काढून टपालानं पाठवतो."

पाठवतोय कुठला! पाटीवरच चिकटपट्टी लावून स्वतःचं नाव लिहिलं. मग खाली जाऊन नेजातपुढे हात पसरला. "आमच्या घराची किल्ली तुमच्याकडे आहे म्हणे."

"असू द्या, अडीअडचणीला लागते."

"परक्याकडे कशाला?"

नेजातनं किल्ली दिली. टोमॅटो दिले नाहीत.

मी म्हटलं, थांब बच्चमजी. वाट बघितली. एका दुपारी झिल्के कामाला गेलेली, डॉर्फलर कचऱ्याची पिशवी घेऊन मोज्यांवरच बाहेर आला, खिडकी उघडी, वारा आला. असा लागलो मी, की जिना दणाणला!

आणि मग आत बाळ रडायला लागलं.

खरं सांगतो, बाळाचं माझ्या ध्यानातच नव्हतं. शेगडीवर दूध होतं, तेही आठवलं नाही. धूर माझ्या फटीतून बाहेर आला. डॉर्फलर मुठीला लोंबकळला, लाथा घातल्या, मग मोज्यांवरच खाली धावला. "नेजात! किल्ली!"

नेजात पांढरा पडला. "माझ्याकडे कुठाय? तुम्हीच नेलीत!"

मी उघडायचा जीव तोडून प्रयत्न केला हो. लागणं माझ्या हातात, उघडणं नाही. अग्निशामकवाले आले, पहारीनं मला बिजागऱ्यांसकट उपटलं. बाळ काळंनिळं होऊन रडत होतं, पण धड होतं.

आता मी फुटपाथवर, भिंतीला टेकून. अंगावर चिठ्ठी. मला वाचता येत नाही, एका पोरीनं मोठ्यानं वाचली : "फुकट. हवं त्यानं न्यावं."

नेजातनं फोन केला म्हणून बाई आल्या, काठी टेकत. आधी डॉर्फलरला विचारलं, "बाळ बरं आहे ना?" मग माझ्याकडे बघितलं. पाटीच्या जागी चार भोकं.

"पाटी ना? वर आहे, काढून ठेवलीय," तो म्हणाला. "रविवारच्या जुन्या बाजारात पस्तीस येतील. नव्या दाराला अठ्ठावीसशे गेलेत, बाई."

"पण तुम्ही पाठवणार होतात."

"घर घेतलं ते दारासकट घेतलं ना? बरं, तुम्हाला वीस."

नेजातनं शिवी हासडली. बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला, पाकीट उघडलं आणि स्वतःच्या नावाचे वीस युरो मोजले.