जाळीला नेलपेंटचं ठिगळ

मित्रांनो, मी आहे जाळी, वय झालेली, पण मला बघून मासे घाबरत नाहीत. हसत असतील तर माहीत नाही. माझी भोकं इतकी बारीक की त्यांतून केससुद्धा जात नाही. तोंडाशी लोखंडी कडं, खाली निमुळतं होत गेलेलं अंग आणि शेपटीला एक बाटली. लांबून बघाल तर विदूषकाची टोपी. मला शिवणारी बाई तर म्हणाली होती, "हिच्यातून पाणी तरी जाणार का?" पाणी जातं. पाण्यातलं मात्र माझ्याकडे राहतं.

त्याला प्लवक म्हणतात. पाण्यात तरंगणारे इवले जीव, काही झाडासारखे, काही किड्यासारखे. डोळ्यांना दिसत नाहीत, पण अख्ख्या खाडीचं पोट त्यांच्यावर चालतं. पाणी तपासणाऱ्या ऑफिसातले लोक दर मंगळवारी मला नावेमागे बांधून पाच ठिकाणी ओढायचे. सोबतीला पाण्याचा ताप बघणारा थर्मामीटर, खारटपणा मोजणारं एक यंत्र आणि एक पांढरी तबकडी. तबकडीला दोरीने खाली सोडायचं, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, म्हणजे पाणी किती गढूळ ते कळतं. बुडायचं आणि दिसेनासं व्हायचं, एवढंच तिचं काम. ऑफिसातही असे दोघे आहेत, फक्त त्यांना दोरी नाही.

त्याच ऑफिसातल्या आमच्या मॅडम बाटलीतलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून प्लवक मोजायच्या. त्यातली एक जात विषारी. ती वाढली तरी शिंपल्यांना काही होत नाही, पण त्या शिंपल्या खाणाऱ्याचे आधी ओठ बधिर होतात, मग श्वास अडकतो. म्हणून मॅडम धक्क्यावरच्या फळ्यावर कागद लावायच्या. हिरवा लागला तर शिंपल्या काढा, लाल लागला तर हात लावू नका. दहा वर्षं तो कागद माझ्या भरवशावर लागत होता. पाहुणे आले की मॅडम मला हात लावून सांगायच्या, "ही कधी खोटं बोलत नाही."

नाव चालवायचा कप्तान. नाव तेरा हातांची आणि हुद्दा कप्तान. ही थट्टा त्याच्या थोरल्या बहिणीची. तिला सगळा धक्का ताई म्हणतो. ताईच्या शिंपल्यांच्या तीस दोऱ्या खाडीत टांगलेल्या होत्या, नऊ महिने वाढवलेल्या, काढायला आलेल्या.

तर एका मंगळवारी परतताना कप्तान फोनवरच्या गप्पांच्या नादात मला वर घ्यायला विसरला आणि त्याने नाव वळवली. मी एका तरंगत्या पिंपाच्या साखळीला अडकले आणि शेपटीजवळ बोटभर फाटले. आता टाचणीएवढं भोक पडलं तर मॅडमच त्यावर नेलपेंटचा ठिपका देतात, छान बुजतं. कप्तानने तीच अक्कल बोटभर फाटलेल्या जागेला लावली. मॅडमची बोलणी टळावीत म्हणून ताईच्या सुनेची गुलाबी बाटली उचलली आणि अर्धी माझ्यावर ओतली. वर मला म्हणाला, "गप बस हं." जणू मी रोज भाषणं देते.

पुढच्या मंगळवारी पाणी चहासारखं लालसर आणि कोमट. तबकडी हातभरात गायब. दुसऱ्याच ओढीला गुलाबी पापुद्रा सुटला आणि बाटलीत जायचं ते मागच्या मागे खाडीत गेलं. कप्तानने बघितलं. मला वर घेताना त्या जागेवर बोट दाबून धरलं आणि उरलेल्या तिन्ही ठिकाणी असंच निभावलं.

"आज एवढंच?" मॅडमनी बाटली उजेडात धरली.

"खाडी डाएटवर दिसतेय," कप्तान म्हणाला.

बुधवारी सकाळी फळ्यावर हिरवा कागद लागला.

ताईची एक रीत होती. पाणी तपासणाऱ्यांनी पहिलं पातेलं खायचं, मगच माल धक्क्याबाहेर जायचा. दुपारी तिने शिंपल्या उकडल्या. मी शेजारच्या कठड्यावर वाळत होते. ताईने मॅडमच्या हातात ताटली दिली. एरवी पातेलं उतरायच्या आत मांडी ठोकून बसणारा कप्तान आज दोरी गुंडाळत उभा.

"काय रे, उपास धरलास का?" ताई म्हणाली.

"भूक नाही."

"तुला? ये गुपचूप. का बायकोने तोंड शिवलंय?"

मॅडमनी एक शिंपली उचलली. कप्तानने दोरी टाकली.

"मॅडम, नका खाऊ. ताई, कुणालाच देऊ नको. जाळी फाटलीय."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात. मी चिकटवली होती."

मॅडमनी ताटली खाली ठेवली आणि मला उन्हासमोर धरलं. "हा गुलाबी रंग कसला?"

"सूनबाईचं नेलपेंट."

"तरीच," ताई म्हणाली, "पोरगी आठ दिवस माझ्यावर संशय घेतेय." मग तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि भावाकडे बघायचं बंद केलं.

त्याच दुपारी दुसरी, नवी जाळी ओढली. विषारी जात धोक्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर निघाली. फळ्यावर लाल कागद चढला. पातेलं खड्ड्यात पुरलं. पाणी निवळायला पाच आठवडे लागले. तोवर ताईच्या तीसपैकी अकरा दोऱ्यांवरच्या शिंपल्या उन्हाळ्याने मरून गळाल्या. मॅडमनी कप्तानला जे सुनावलं ते लिहिलं तर हे पुस्तक तुमच्या हातातून काढून घेतील. ताई मात्र सहाव्या आठवड्यात नावेत येऊन बसली, चष्मा लावला आणि म्हणाली, "आजपासून जाळी मी तपासणार. चल, कप्तान."

आता नव्या जाळीचं भोकन्‌भोक ती बघते. मला ठिगळ आहे, त्यामुळे मोजणीच्या कामाला मी चालत नाही. शाळेच्या सहली आल्या की मला मुलांच्या हातात देतात. तुमच्याही हातात येईन. मित्रांनो, मी कापडच आहे, अडकले तर फाटणार. फाटले तर तिथल्या तिथे सांगा. बोलणी बसतील, बसू देत. बोलणी खाऊन कुणाला दवाखान्यात न्यावं लागल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.