तीन फुटांवर थांबलेलं गिरमिट

मी गिरमिट बोलतोय. सुताराच्या पेटीतलं नव्हे, जमिनीत उतरून माती वर काढणारं गिरमिट. उभा केला तर माणसाच्या कमरेपर्यंत येतो. डोक्यावर बाभळीची आडवी मूठ आहे आणि स्वभाव फार उतावळा आहे. फिरवलं की खाली जायचं, ओढलं की वर यायचं, एवढंच मला येतं. खिळ्याला टांगून ठेवलं की माझा जीव खालीवर होतो. तेव्हा माझं सांगणं जरा धावतं वाटलं तर चालवून घ्या.

माझा जन्म अकोल्याचा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि शहराबाहेर शेतीच्या अभ्यासाचं एक लहानसं खातं होतं. तीन खोल्या, एक व्हरांडा, फळ्यांवर ओळीनं मातीच्या बरण्या. लोक त्याला मातीचं हापिस म्हणत. तिथं आधी विलायतेहून एक चकचकीत गिरमिट आलं होतं. आमच्या काळ्या मातीनं पहिल्याच उन्हाळ्यात त्याचं टोक मोडलं. मग कापसाच्या जिनातल्या रामराव लोहारानं बैलगाडीच्या जुन्या आसातून मला घडवलं आणि माझ्या अंगावर फुटाफुटावर छिन्नीनं तीन खुणा पाडल्या. त्याखाली जायचं तर मूठ काढून मध्ये एक जोडदांडी बसवायची. तिच्यावर आणखी दोन खुणा. माझी खरी पोच पाच फुटांची, पण ती या दांडीच्या जिवावर.

मातीच्या हापिसातली माणसं मोठी मजेची. वामनराव तिथले असिस्टंट. माती दिसली की ती चिमटीत घेऊन चोळायची, वास घ्यायचा, आणि कोणी बघत नसेल तर जिभेवर ठेवायची. खाणावळीत भाकरीचं पीठसुद्धा ते तसंच चोळून बघत, असं शालिकराम सांगे. शालिकराम मला फिरवणारा. त्याला गावांची नावं लक्षात राहत नसत, कोणत्या गावानं खांदा किती दुखवला ते राहत असे. "ते नाही का साहेब, डाव्या खांद्याचं गाव," म्हटलं की वामनरावांना बरोबर कळे.

एकोणीसशे बत्तीसच्या एप्रिलात आम्ही निघालो. वऱ्हाडातल्या जमिनींचा एक मोठा नकाशा तयार व्हायचा होता आणि आमच्या वाट्याला वलगावपासून तिवशापर्यंतची नऊ गावं आली होती. प्रत्येक गावी एका शेतात पाच फूट उतरायचं, फुटाफुटाची माती पाच थैल्यांत भरायची, चिठ्ठ्या लावायच्या. हाती सहा दिवस. बडनेऱ्याला गाडी बदलताना घाई झाली. थैल्या घेतल्या, मला घेतलं, पाण्याची सुरई घेतली. जोडदांडी फलाटावरच्या बाकाखाली राहिली.

हे कळलं वलगावला, पार्बताबाईच्या वावरात. पार्बताबाई माळ्याची. तिचे यजमान मोट हाकत होते, लेक शकुन शेवंतीला पाणी देत होती. शालिकरामनं मला फिरवलं. पहिला फूट, दुसरा, तिसरा. उन्हानं माती दगड झाली होती, त्याच्या अंगाला घामाच्या धारा. पार्बताबाई उकिडवी बसून बघत होती.

"भाऊ, मले एवढंच सांगा," ती वामनरावांना म्हणाली, "हे माती संत्र्याची हाय का नाही? लगन झालं तवापासून रोज वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन अमरावतीले जाऊन राहिली मी. आता मान वयत नाही. संत्र्याचा बाग असला म्हंजे व्यापारी सोता वावरात येते."

"तपासूनच कळवतो," वामनराव म्हणाले.

तेवढ्यात शालिकराम थैल्यांच्या ढिगात हात घालून थबकला. हळूच म्हणाला, "साहेब, दांडी त बडनेऱ्याले राह्यली. चौथा फूट आणू कोठून?"

वामनरावांनी मनाशी हिशेब केला. परत जायचं म्हणजे एक दिवस बुडणार. वर साहेबांनी तारीख दिलेली. त्यांनी माझ्या टोकाची माती चिमटीत घेतली, चोळली, वास घेतला. "काळी आहे," ते म्हणाले. "खालीही काळीच असणार. याच मातीचे तीन वाटे कर, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या थैलीला. चिठ्ठ्या मी लिहितो."

तिसऱ्या खुणेपर्यंत उतरलेल्या माझ्या टोकाला चुनखडीचे दोन-तीन पांढरे कण लागले होते, खालच्या टणक थराची खूण. शालिकरामनं ते पाहिले, अंगठ्यानं पुसले आणि अंगठा धोतराला पुसला. मला पुढं जायचं होतं, आणि मला अर्ध्यावरूनच वर ओढून घेतलं होतं. मग पार्बताबाईनं वाढलेली वांग्याची भाजी आणि भाकर खाऊन आम्ही पुढच्या गावाला लागलो. नऊही गावांत तसंच झालं. एकदा केलं की दुसऱ्यांदा हात कचरत नाही, हे मी माणसांच्याच संगतीत शिकलो.

परतताना बडनेऱ्याला दांडी सुखरूप मिळाली. स्टेशनमास्तरांनी कोपऱ्यात नीट उभी करून ठेवली होती.

महिनाभरानं वलगावला पत्र गेलं, बाकीच्या गावांनाही तसंच. 'पाच फुटांपर्यंत एकसारखी काळी जमीन. संत्र्याच्या लागवडीस योग्य.' वामनराव ते लिहीत होते तेव्हा मी समोरच्या खिळ्यावर होतो. मला ओरडावंसं वाटलं. पण लोखंडाला तोंड कुठलं? मूग गिळून लटकत राहिलो.

नंतरची वर्षं मला फार वाईट गेली. माझ्या चांगल्या कामांचं कौतुक झालं, पण माझं लक्ष लागत नव्हतं. वामनरावांचंही लागत नसावं. दौऱ्यावर निघताना ते विचारत, "दांडी घेतली?" शालिकराम म्हणे, "घेतली." फाटकाशी पुन्हा, "दांडी घेतली?" "घेतली साहेब." स्टेशनवर तिसऱ्यांदा. तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत नसत. त्या नऊ गावांकडचा दौरा निघाला की वामनरावांना नेमका ताप येई.

सहाव्या वर्षी वलगावहून कार्ड आलं: पानं पिवळी पडताहेत, शेंडे वाळताहेत. वामनरावांनी ते वाचून खणात टाकलं. दुसरं आलं, तेही खणात गेलं. तिसरं कार्ड आलंच नाही. स्वतः पार्बताबाई आली.

भर दुपारी ती हापिसात शिरली. पाठीवर गोणपाटात काहीतरी बांधलेलं. तिनं ते वामनरावांच्या टेबलावर, कागदांवरच ठेवलं आणि सोडलं. संत्र्याच्या झाडाचा बुंधा होता, मुळांसकट उपटलेला. मुळं एका पातळीपर्यंत सरळ खाली गेली होती आणि तिथून सगळी आडवी वळली होती.

"पाहा याच्या मुया," ती म्हणाली. "फरशीवर ठेवल्यावानी चपट्या झाल्या. एकशे वीस झाडं हायेत. पोटच्या लेकरावानी वाढवली."

"पाणी जास्त झालं असेल," वामनराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच खरा वाटला नसावा.

"पानी मोजून देल्लं. खाली काय हाय ते सांगा."

 शालिकराम दारात उभा होता. तो आत आला, त्यानं मला खिळ्यावरून काढलं, कोपऱ्यातली दांडी घेतली आणि दोन्ही त्या बुंध्याशेजारी ठेवून परत दारात जाऊन उभा राहिला.

वामनराव माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. बडनेरा, बाक, तीन वाटे, चिठ्ठ्या, नऊ गावं. सांगताना त्यांनी मान वर केली नाही. माझ्या मनावरचं सहा वर्षांचं ओझं हललं, पण हलकं काही वाटलं नाही, कारण ऐकणारीचा चेहरा माझ्यासमोर होता.

पार्बताबाईनं बुंध्याच्या आडव्या मुळांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ते भोक मीच बुजवलं, भाऊ. बकरीचा पाय जाईन म्हणून. बुजवाच्या आंधी पऱ्हाटीची काडी घालून पाह्यली त माह्या कमरेलोक आली. मले वाटलं, शिकल्या लोकायचे पाच फूट तेवढेच असतीन."

वामनरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पंचेचाळीसही थैल्यांच्या चिठ्ठ्या खोट्या निघाल्या असत्या तरी त्यांना एवढं लागलं नसतं.

"रडून काय होते," ती म्हणाली. "माही शकुन तिवश्याले देल्ली हाय. तुमचा कागद पाहून तिच्या सासऱ्यानं बी संत्रा लावाचं धरलं. खड्डे खंदून राहिले ते. चाला, तिथं पाहून द्या."

वामनराव आतल्या खोलीत मोठ्या साहेबांकडे गेले. दार बंद होतं, तरी साहेबांचं बोलणं मला ऐकू आलं. नकाशा छपाईला गेला आहे. चौकशी होईल. ती होईपर्यंत तुम्ही दौऱ्यावर जायचं नाही आणि इथली एकही वस्तू बाहेर जायची नाही. खरं बोलल्यावर हे असं झालं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वामनराव बाहेर आले. त्यांनी नोंदवही उघडली, माझ्या नावापुढं लिहिलं, 'पार्बताबाई, वलगाव, यांस दिले', आणि खाली सही केली. मग मला उचलून तिच्या हातात दिलं. "ही दांडी. ही आधी सांभाळा. कसं फिरवायचं ते शालिकराम दाखवेल."

"पाह्यलं हाय मी," ती म्हणाली. झाडाचा बुंधा तिनं टेबलावरच ठेवला. "हे तुमच्या सायबाले द्या." रिकाम्या गोणपाटात मला गुंडाळून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिवशाला. शकुनचे सासरे खुशालराव कमरेवर हात देऊन उभे होते. "येवढे खड्डे आमी का मस्करीत खंदले?" ते म्हणाले. पार्बताबाईनं पदर खोचला, मला जमिनीत रोवलं. एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं शकुन. दोघींचे हात भाजी खुडणारे, गिरमिटाची सवय नाही. फोड आले. माती मात्र त्यांनी नीट मांडली, फुटाफुटाचा वेगळा ढीग.

तिसरी खूण जमिनीला टेकली. दांडी बसवली. माझा जीव टांगणीला लागला. चौथी खूण गेली. मी करकरण्याची वाट बघत होतो, चुनखडीची. पाचवी खूणही गेली. मी वर आलो तेव्हा माझं सगळं अंग काळ्या, ओल्या मातीनं भरलेलं होतं.

पार्बताबाईनं शेवटच्या ढिगातली माती चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली. इतकी वर्षं माणसं बघतोय, पण एकाच चेहऱ्यावर एवढा आनंद आणि एवढं दुःख मी कधी पाहिलं नव्हतं. "लाव, शकुन," ती म्हणाली. "तुही माती खरी हाय." आणि तिथंच खड्ड्याच्या काठावर बसून ती हमसून हमसून रडली. शकुन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. खुशालराव जरा वेळानं पाणी घेऊन आले.

आता मी वलगावला पार्बताबाईच्या घरी, दाराआड उभा असतो. तिच्या वावरात पुन्हा वांगी आहेत. पहाट झाली की ती टोपली उचलते आणि अमरावतीची वाट धरते. जाताना माझ्याकडे बघत नाही. शालिकराम एकदा येऊन गेला. वामनरावांची चौकशी अजून चालूच आहे म्हणाला, आणि नकाशा छापून आला. आमची नऊही गावं त्यात हिरव्या रंगानं रंगवली आहेत.

वलगाव-तिवसा सोडून त्यातल्या आणखी पाच गावांचे लोक मला मागून नेऊन खरं काय ते बघून गेले. दोन गावं राहिली आहेत. तिथं हिरवा रंग बघून कोणीतरी आज खड्डे आखत असेल, आणि मी इथं दाराआड उभा आहे. बाबांनो, तुम्ही त्या गावांचे असाल तर या. विचारायचीही गरज नाही, दार उघडंच असतं. मला न्या, दांडीसकट न्या, आणि हात दुखले तरी तिसऱ्या खुणेवर थांबू नका.