सँपल बंगला आणि नियम सतरा

मी सँपल बंगला. समुद्राकाठच्या या वसाहतीत सगळ्यांत आधी उभा राहिलो आणि विकला गेलो जवळजवळ सगळ्यांत शेवटी. लोक मला बघायचे आणि माझ्यासारखा दुसरा घ्यायचे. थोरलीला बघायला यावं आणि धाकटीला पसंत करून जावं, तशातली माझी गत.

वसाहत निवृत्त माणसांची. रस्ते सपाट, दारांना उंबरे नाहीत, बाथरूममध्ये धरायला दांड्या, फाटकापाशी डॉक्टरांची खोली. शेवटच्या रांगेपासून समुद्र पाच मिनिटांवर, म्हातारी चाल धरली तर बारा.

मला बांधलं तेच दाखवण्यासाठी. खोल्यांना दारं बसवलीच नाहीत, कारण दारांशिवाय खोल्या मोठ्या दिसतात. पलंग मुद्दाम अर्धा फूट आखूड. टीव्ही पुठ्ठ्याचा. कपाटात पुस्तकांच्या नुसत्या पाठी चिकटवलेल्या. नळ चकचकीत, पण पाणी जोडलेलं नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर कशाचंच वाटायचं नाही. आत कोणी राहिलंच नाही, तर वाटणार कुठून?

माणसं मात्र पुष्कळ पाहिली. बायका आधी सिंकखाली वाकून बघत. पुरुष भिंतीवर टकटक करत, विजेची पेटी उघडत आणि काही कळलं नाही तरी "हं" म्हणत. नवरा-बायकोचं खरं मत बाथरूममध्ये ठरायचं. बाहेर आल्यावर दोघं हसून सांगत, "घरी जाऊन कळवतो."

मला दाखवायला एक विक्रीच्या बाई होत्या. चुणचुणीत, पण कोणाला फसवणाऱ्या नव्हेत. सोसायटीची नियमावली त्या प्रत्येकाच्या हातात ठेवायच्या. "नियम जरा जास्त आहेत हं आमच्याकडे. शिंकायला तेवढा अर्ज लागत नाही." दाराला तीनच रंग चालतात. कपडे रस्त्याच्या बाजूला वाळत घालायचे नाहीत. कुत्रा गुडघ्याच्या वर नको. लोक दोन पानं चाळत आणि पुस्तिका ओट्यावर विसरून जात.

एके दिवशी दुपारी एक कुटुंब आलं. आजोबा, त्यांचा मुलगा आणि आठ वर्षांची नात. आजोबा तिला बिटकी म्हणत. सून कामावर होती. आजी जाऊन तीन महिने झाले होते. हे मला बिटकीनेच सांगितलं, म्हणजे पुठ्ठ्याच्या टीव्हीला सांगितलं आणि मी ऐकलं.

मुलगा हौसेने दाखवत होता. "बाबा, ही खोली आमची. ती बिटकीची. आणि समुद्राकडची तुमची. सगळे एका छपराखाली."

आजोबा त्यांचं जुनं घर सोडायला तयार नव्हते. सगळे एकत्र राहणार, या एका बोलीवर ते इथवर आले होते. तरी चेहऱ्यावर आनंद नव्हता. दुःखही नव्हतं. ते पलंगावर आडवे झाले, त्यांचे पाय बाहेर आले.

"पलंग आखूड आहे," ते म्हणाले, आणि उठून बसले.

"आजोबा, ही खिडकी माझी," बिटकी पलीकडून ओरडली.

"बरं."

मुलगा तिला समुद्र दाखवायला घेऊन गेला. आजोबांनी चष्मा पुसला आणि नियमावली उघडली. पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट तपासण्याची नोकरी केली होती. लिफ्टमधली पाटी पूर्ण वाचल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, ही सवय. सहा माणसं म्हणजे सहा, सातवा कितीही रोडका असला तरी बाहेर. ते पहिल्या पानापासून सुरू झाले, ओळीखाली बोट धरून. नियम सतराशी बोट थांबलं.

कायम राहणाऱ्यांत अठरा वर्षांखालचं कोणी नसावं. अशा पाहुण्यांसाठी प्रत्येक घराला वर्षातून तीस दिवस.

त्यांनी तो दोनदा वाचला. मग विक्रीच्या बाईंना हाक मारली.

"हे माझ्या मुलाला माहीत नसेल. त्याला सांगायला हवं."

"माहीत आहे की काका!" त्या बिचाऱ्या उत्साहाने म्हणाल्या. "फोनवर त्यांनी पहिलं हेच विचारलं होतं, लहान मुलं चालतात का. मी सांगितलं, राहायला नाही चालत. तर म्हणाले, ठीक आहे, मग तर बरंच झालं."

आजोबांनी पुस्तिका मिटून ओट्यावर ठेवली, कडेला कड लावून. मग सवयीने सिंकचा नळ उघडला. पाणी आलं नाही. तो तसाच उघडा ठेवून ते बाहेर बघत उभे राहिले.

मुलगा आणि बिटकी आले तेव्हा तिच्या बुटांतून वाळू सांडत होती. आजोबांनी मुलाला एक संधी दिली. मी ती स्वच्छ पाहिली.

"नियम वाचलेस का रे?"

"वरवर वाचले. विशेष काही नाही बाबा. रंगबिंग, कुत्रंबित्रं."

मुलगा हे भिंतीकडे बघून बोलला. म्हणजे माझ्याकडेच. चेहऱ्यावर पाप नव्हतं, कित्येक दिवस झोप न झाल्याचा थकवा होता.

"बरं," आजोबा म्हणाले. "हाच बंगला घेऊ."

"हा? अहो, हा सँपल आहे काका," विक्रीच्या बाई म्हणाल्या.

"आता आणखी शोधायला नको."

माझ्यासकट तीनच बंगले उरले होते. असा मी विकला गेलो. पुठ्ठ्याचा टीव्ही नेला, पलंग नेला, दारं बसवली, पाणी जोडलं. माझ्या नळांतून पहिल्यांदा धो धो पाणी आलं, आणि तरी मला काही वाटलं नाही. सवय नव्हती.

सामान आलं त्या दिवशी मुलाने खोली मोकळी बघून विषय काढला. "बाबा, एक घोळ झालाय. नियम आज नीट वाचले. बिटकीला इथे कायम राहता येणार नाही म्हणे. आणि तिला सोडून आम्हाला तरी कसं..."

"अरेरे," आजोबा म्हणाले. "आता?"

"बघतो काहीतरी. कमिटीशी बोलतो. तोवर आम्ही येत-जात राहू. दर शनिवार-रविवार."

"तू वाईट वाटून घेऊ नकोस."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे दोघांच्या मुठीत एकच गोष्ट होती आणि दोघंही झाकून बसले होते. सून स्वयंपाकघरात डबे लावत होती. ती हळूच मुलाला म्हणाली, "गॅसचं तरी सांगायचं होतं त्यांना. जुन्या घरी त्यांच्या हातून दोनदा उघडा राहिला होता, खरंच भीती वाटते म्हणून. एवढं तरी खरं सांगायचं." मुलगा म्हणाला, "सांगितलं असतं तर ते आले असते का?" तिने नळ सोडला आणि डोळ्यांना पाणी लावलं. बिटकीने तिच्या खिडकीत शिंपल्यांची रांग लावली आणि कोणीही हात लावायचा नाही असा स्वतःचा नियम करून गेली.

दर शनिवार-रविवारचे महिन्यातून एकदा झाले, मग तेही नाही. कधी शाळा, कधी ताप, कधी गाडी. वर्षभरात बिटकी राहिली चार दिवस. आजोबा सकाळी उठत, चहा करत, गॅस बंद झाला का ते तीनदा बघत. तिच्या खोलीतली चादर दर सोमवारी बदलत. कोणी झोपलेलं नसे, तरी बदलत. आम्हा दोघांचं छान जमलं. दोघंही आतून बधिर.

वर्ष संपायला महिना होता. शेजारच्या बंगल्यात एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांच्या मुलीचं ऑपरेशन निघालं आणि दोन नातू त्यांच्याकडे आले. त्यांचे तीस दिवस पावसाळ्यातच संपले होते. सोसायटीचे सेक्रेटरी पाहुण्यांची वही घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, माझाही नाइलाज आहे. मुलांना आज हलवावं लागेल."

"कुठे हलवू? त्यांची आई दवाखान्यात आहे हो!"

आजोबा बाहेर आले. हातात नियमावली, सतरावर बोट.

"मुलं माझ्याकडे राहतील. माझे सव्वीस दिवस शिल्लक आहेत."

"पण ती तुमची कोण?"

"पाहुणे. इथे पाहुणे लिहिलंय. कोण ते लिहिलेलं नाही."

सेक्रेटरींनी नियम वाचला, पुन्हा वाचला. "तसं कोणी करत नाही," ते म्हणाले.

"लिहून घ्या," आजोबा म्हणाले.

त्या संध्याकाळी दोन पोरं बिटकीच्या खोलीत आली. शिंपले आजोबांनी आधीच उचलून स्वतःच्या कपाटात ठेवले होते. पलंगावर उड्या झाल्या, दारं आपटली, बाथरूमभर पाणी झालं. धाकट्याने माझ्या भिंतीवर पेन्सिलीने होडी काढली. मला दुखलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बिटकीचा फोन आला. आजोबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन मोठ्या आवाजावर असतो.

"आजोबा, मागे कोण ओरडतंय?"

"पाहुणे आलेत."

"कुठे झोपतात?"

"तुझ्या खोलीत."

"मग मी आले की?"

"तू कधी येतेस?"

तिकडे तिने फोन छातीशी धरला असावा. मग आवाज आला, "बाबा म्हणतात, बघू."

"बरं," आजोबा म्हणाले. फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. आजी गेल्यापासून ते रडले नसावेत. त्या दिवशी रडले. धाकट्या पोराने येऊन विचारलं, "तुम्हाला पण टाके घातलेत का?"

पोरं त्यांच्या आईकडे गेली, त्याला दोन महिने झाले. शिंपले पुन्हा खिडकीत आलेत. नवीन वर्षाचे तीसच्या तीस दिवस पडून आहेत. पेन्सिलीची होडी आजोबांनी पुसली नाही.

घर बघायला येणाऱ्यांनो, भिंती नंतर वाजवा. आधी शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि सगळ्यांनी एकत्र बसून मोठ्याने वाचा.

आणि तू, आजोबांच्या मुला. आलास तर फुलं नको, फळं नको. "मला आधीपासून माहीत होतं," एवढंच म्हण. तेही म्हणतील, "मलाही." मग गॅसचं बोलता येईल, भीतीचं बोलता येईल, आईचंही बोलता येईल. ते वर्षभर थांबलेत. मीच सांगितलं असतं, पण भिंतींना नुसते कान असतात.