नर्तकीची ओटी

सुयोगने अंबरनाथच्या शिवमंदिराची माहिती देणारं पुस्तक लिहिलं आणि त्याच्या आईने, खरवईच्या विठाबाईने, ते अख्ख्या आळीत मिरवलं. वाचलं मात्र नव्हतं. ते सून स्वप्नालीने वाचून दाखवलं आणि सगळा घोळ झाला.

मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर बाईची एक मूर्ती आहे. लग्नानंतर बरीच वर्षं कूस उजवेना, तेव्हा विठाबाई तिलाच नवस बोलली होती. वर्षभरात सुयोग झाला. तेव्हापासून दरवर्षी खण-नारळाने तिची ओटी भरायची, हा नेम. आणि पोराने नेमका तिचाच फोटो छापून खाली लिहिलं होतं, नर्तकी.

"म्हंजे देवी नाय?"

"नाचणारी आहे, आई," स्वप्नाली म्हणाली. तिला सातवा चालू होता.

विठाबाईच्या डोक्याचा पार भुगा झाला. नवस बोलले एकीला, मग पावली कोण? खरी देवी दुसरीच असेल तर ती इतकी वर्षं ओटीविना तशीच राहिली, आणि तिचा राग निघायचा तो आता सुनेवर.

रविवारी ती ओटीचं ताट घेऊन देवळात पोचली. सुयोग पर्यटकांच्या घोळक्याला शिल्पं समजावत होता. तिने त्याला मध्येच थांबवलं.

"खरी देवी कंची रं यातली?"

त्याने कोपऱ्यातली झिजलेली मूर्ती दाखवली. नाकडोळे पुसलेले. "ती असावी."

"असावी? पुस्तकात तर सगला नक्की लिवलास."

पर्यटक हसले. सुयोग हसला नाही.

विठाबाई कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. नारळ एकच होता.

"तूच सांग. तू कुनाचा?"

"तुझा."

"त्ये मना ठाव हाय. दिला कुनी?"

त्याने एकदा नर्तकीकडे, एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "जिच्याकडे मागितलंस, तिलाच दे."

ती नर्तकीपुढे आली. एरवी डोकं टेकून निघायची. आज तिने मान वर करून नीट पाहिलं. एक पाय उचललेला, कंबर वळलेली. नाचतच होती की ही. दरवर्षी तिला 'आई' म्हणायची, पण आज तो शब्द तोंडातून फुटेना. तिने खण आणि नारळ तिच्यापुढे ठेवले.

"बाई, तू कोन त्ये मना ठाव नाय," ती म्हणाली. "पन माज्या सुनेला सांबाल."