सर्व्हरचा राहुकाळ

वैजनाथ मूळचा देगलूरचा. लातूरच्या एका मोठ्या क्लासेसचा सर्व्हर तो सांभाळायचा आणि दर दिवाळीला 'यंदा तुला कायम करतो' एवढं ऐकून गावाकडं जायचा.

सर्व्हरवर मात्र त्याचंच राज्य. प्रत्येक सरांचं, मॅडमचं त्यात वेगळं खातं. खात्यात आपोआप होणारी कामं, वेळ ज्याची त्यानं लावलेली. वैजनाथकडं रूटचा, म्हणजे सगळ्यांची खाती उघडणारा पासवर्ड. काळ्या पडद्यावर क्रॉनटॅब लिहायचं, पुढं माणसाचं नाव टाकायचं, की त्याची सगळी कामं वेळेसकट हजर. ज्या मॅडम जिन्यात ओळख देत नसत, त्यांचीसुद्धा.

क्लासचे मालक आप्पासाहेब. यंदा निकाल घसरला, तेव्हा त्यांनी शिकवणाऱ्यांना सोडून गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी पंचांग चाळलं आणि निदान केलं: सोमवारी सकाळी पालकांना मार्कांचे मेसेज जातात, ते ऐन राहुकाळात.

आप्पासाहेबांनी हुकूम सोडला, "वैजनाथ, राहुकाळात सर्व्हरनं कायबी करायचं न्हाई. संपला की नऊ वाजून एक मिनिटाला सगळं चालू. तुझी कायमची ऑर्डर टाइप करून ठिवलीय, सही तेवढी राहिली."

'साहेब, ह्या कामांना मागंपुढं असतं,' हे वाक्य वैजनाथच्या जिभेवर आलं होतं. सही राहिली होती म्हणून त्यानं ते गिळलं.

"हाव साहेब. आत्ताच करतो."

एकेकाचं खातं उघडून त्यानं सगळ्यांची कामं त्या एका मिनिटावर आणून ठेवली. विचारलं कुणालाच नाही. रूटवाल्यानं कुणाला विचारायचं असतं का?

सोमवारी मुहूर्त लागला. एरवी रविकिरण सरांच्या खात्यातलं काम आधी उत्तरपत्रिका तपासून ठेवायचं, मग शिल्पा मॅडमच्या खात्यातून मार्क पालकांकडं जायचे. आता दोन्ही एकदम उठली. तपासणी डोळे चोळतेय, तोवर मेसेज निघालेसुद्धा. मार्कांची जागा रिकामी दिसली, मशीननं तिथं शून्य घातलं. हुशार-ढ असा भेद न करता साऱ्या पोरांना शून्य.

ऑफिसातला फोन थांबेना. बिलोलीचे एक पालक ओरडले, "पोरगं लातूरला काय भोपळा आणायला ठिवलंय? भोपळे आमच्या बांधावर लई येतात!"

आप्पासाहेबांनी शिल्पा मॅडमना बोलावलं. "मेसेज तुमच्या खात्यातून गेलेत. उद्यापासून येऊ नका."

"साहेब, मी वेळ बदललीच न्हाई."

"मग काय राहूनं बदलली?"

मॅडमनी वैजनाथकडं पाहिलं. रडल्या असत्या तर त्याला गप्प बसणं सोपं गेलं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. टेबलावर पेपरवेटखाली त्याची ऑर्डर पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होती.

"मी बदलली, साहेब," वैजनाथ म्हणाला. "तुम्ही सांगितलेल्या मुहूर्तावर."

"मुहूर्त बरोबरच व्हता. हात कुणाचा लागला ते बघ!" आप्पासाहेबांनी ऑर्डर उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. "मॅडम, तुम्ही जावा वर्गावर." आणि फोन लावला गुरुजींना, पुढच्या सोमवारचं विचारायला.

वैजनाथ सर्व्हरसमोर येऊन बसला. जरा वेळानं तास संपवून शिल्पा मॅडम आल्या, शेजारी खुर्ची ओढली.

"काय वो रूटसाहेब, माझ्या खात्यात शिरताना दार वाजवलं व्हतं का?"

"न्हाई, मॅडम."

"मग आता वाजवा."

वैजनाथचे कान तापले. "मॅडम, वेळ नीट लावायला तुमचं खातं उघडू का?"

"उघडा. पण आधी रविकिरण सरांना बोलवा. त्यांनाबी असंच विचारा, माझ्यासमोर."

तो उठला आणि स्टाफरूमकडं निघाला.