मास्तरांची यादी

"हा पंखा कॉम्प्युटरच्या या डब्यात बसणार नाही," मास्तर म्हणाले.

दुकानदार हसला. काउंटरवर खोक्यांची चळत लागली होती आणि मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. "मास्तर, रोज कॉम्प्युटर जोडतो मी. बसतो म्हणजे बसतो."

"प्रोसेसरवरचा हा पंखा एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर उंच आहे. डब्यात जागा एकशे पंचावन्न. झाकण कुठून लागणार?"

दुकानदारानं पंख्याच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली, मग डब्याच्या खोक्यावरची वाचली. पंखा फळीवर ठेवून दिला आणि दुसरा, बुटका काढला.

"तीन मिलिमीटरसाठी जीव काढलात."

"तीन मिलिमीटरनं कॉलर गळ्याला काचते, शेठ."

मास्तर शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं कटिंग मास्तर होते. पुठ्ठ्यावर नमुना काढायचा, कापडाच्या थरांवर मांडायचा, खडूनं आखायचा आणि कापायचा. आता नमुने कॉम्प्युटरवर निघणार होते, कटिंगचं टेबल जाणार होतं. मॅनेजरनं बोलावून सांगितलं होतं, तीन महिन्यांत नवा प्रोग्रॅम शिका, तुमची खुर्ची पक्की. पण शिकायचं कशावर? कारखान्यातल्या नव्या मशीनला कुणी हात लावू देईना. म्हणून घरी कॉम्प्युटर हवा होता. तयार मिळतो की, असं सगळ्यांनी सुचवून पाहिलं. "जन्मभर रेडीमेड कापलं, अंगाला कधी लावलं नाही," असं म्हणून मास्तरांनी सुटे भाग निवडायला घेतले. पाच आठवडे जेवणाच्या सुट्टीत माहितीपत्रकं वाचली. अडलं की लेकीला विचारलं. ती त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती. एक प्रोसेसर पसंत केला, पण वेगळं कार्ड लावल्याशिवाय त्याचं चित्रच पडद्यावर येत नाही असं कळल्यावर तो खोडला. यादीत प्रत्येक भागापुढे लांबी, रुंदी, उंची लिहिली होती.

आज दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती.

"मेमरी सोळा," मास्तर म्हणाले.

"बाबा, आठ पुरे."

"प्रोग्रॅमला सोळा लागते. पत्रकात तूच वाचून दाखवलंस."

दुकानदारानं सोळाची मेमरी काढून ठेवली. वीजपुरवठ्याचा डबा निवडताना मास्तरांनी लागतो त्याहून एक नंबर मोठा मागितला, तेव्हा लेकीनं पुन्हा अडवलं. "एवढा कशाला?"

"शिवणीत आपण माया ठेवतो ना? माणूस अंगानं भरला की उसवून वाढवता येतं. तसंच हे. पुढे काही जोडायचं झालं तर?"

"पुढे काय जोडणार आहात?"

"अगं, आत्ता कुठे सुरुवात आहे."

दुकानदाराला राहवलं नाही. "ताई, तुमच्यासाठी स्थळंसुद्धा एवढी पारखली नसतील यांनी."

मास्तर मनापासून हसले. लेक हसली नाही. दुकानदारानं पेन उघडलं. "मग करू बिल?"

तिनं यादीवर हात ठेवला. "बाबा, बिल नका करू."

"का गं?"

"तुमचं पत्र तयार आहे. शनिवारी देणार आहेत."

"कसलं पत्र?"

"कामावरून कमी केल्याचं. मशीन विकणाऱ्या कंपनीचाच माणूस येतोय तुमच्या जागी."

मास्तरांना आधी हिशेबच लागेना. "अजून सात आठवडे आहेत माझे."

"मॅनेजर म्हणाले, थांबण्यात अर्थ नाही."

"तुला कोण म्हणालं हे?"

"मीच टाइप केलं. सोमवारी."

सोमवारी संध्याकाळी मास्तरांनी तिला मदरबोर्डचं पत्रक समजावून सांगायला लावलं होतं. तिनं सांगितलंही होतं. कुठली पिन कुठे लागते, ते पेन्सिलीनं खुणा करून दाखवलं होतं. त्या खुणा यादीच्या मागच्या बाजूला अजून होत्या.

"कारण काय घातलंय?"

"ते कशाला आता, बाबा?"

"टाइप केलंस ना? मग पाठ असेल."

"संगणकाच्या ज्ञानाचा अभाव."

दुकानदारानं पेनाला टोपण लावलं. "मास्तर, ठेवू का सगळं परत? माझं काही म्हणणं नाही."

मास्तरांनी तिचा हात यादीवरून बाजूला केला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत एकेक भाग समोरच्या खोक्यांशी ताडून पाहिला. एक केबल राहिली होती, ती मागून घेतली.

"बांधा."

"बाबा, ऐका ना. आता काय उपयोग याचा? घरात पैसे लागतील. आणि मी बाहेर फोडलं असतं तर माझीही नोकरी..."

"यादी माझी आहे," मास्तर म्हणाले. "पत्र तुझं."

एवढंच. आवाजही चढवला नाही. पैसे मोजून दिले, पावती घडी करून खिशात टाकली. डब्याचा मोठा खोका त्यांनी स्वतः उचलला, बाकीच्या खोक्यांच्या दोन्ही पिशव्या मनगटांत अडकवल्या. लेकीनं एक पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे."

ती रिकाम्या हातांनी मागून चालत राहिली. थांब्यावर उन्हात दोघं दहा मिनिटं उभी होती. मास्तरांनी एकदाही खोका खाली टेकवला नाही.

दुपारची बस भरलेली होती. दोघांची एक सीट तेवढी रिकामी मिळाली. मास्तर खिडकीशी बसले, पिशव्या पायांत ठेवल्या आणि खोका शेजारच्या जागेवर नीट, कड सीटच्या कडेला लावून ठेवला. लेक वरचा दांडा धरून उभी राहिली.

कंडक्टर आला. खोक्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "या तुमच्याबरोबर?"

"हो."

मास्तरांनी दोन तिकिटं काढली. खोका उचलला नाही.